इराणची सहल, पुण्यातून : एका प्रवास कंपनीबद्दलचा अभिप्राय

प्रवास कंपन्यांच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर सहसा एखादा निळा घुमट असतो. पुण्याच्या सदाशिव पेठेत दोन खोल्यांच्या कार्यालयातून चालणाऱ्या ज्या कंपनीबरोबर आम्ही पती-पत्नी २०२३ च्या नोव्हेंबरात इराणला जाऊन आलो, तिच्या पत्रकाचे पहिले पान ‘आमच्या हातात नसलेल्या गोष्टी’ या मथळ्याखाली गच्च भरलेले होते. व्हिसा कारण न देता नाकारला जाऊ शकतो, विमाने ऐनवेळी रद्द होतात, इंटरनेट बंद पडू शकते, भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने प्रवास टाळण्याची सूचना काढली तर तुम्ही विमानतळावर पोहोचला असलात तरी सहल निघणार नाही, आणि तेथील कायदा मोडल्यास कंपनी वकील शोधून देण्यापलीकडे काही करू शकणार नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. चौकशीला आलेली बरीच मंडळी हे पान वाचून जिन्यावरूनच परत जात असतील. आम्ही नोंदणी केली ती मात्र त्याच पानामुळे. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही नोंदवायच्या आहेत. पेठेत चौकशी करणाऱ्याला ते कळायला वेळ लागणार नाही.

इराणला जायचे म्हटल्यावर पुण्यात जी काळजी व्यक्त होते ती बहुधा भलत्याच गोष्टीची असते. कोणी लुटेल, धर्म विचारून अडवेल, रात्री बाहेर पडता येणार नाही, अशा शंका आप्तांनी बोलून दाखवल्या आणि आमच्या अनुभवात त्यांतील एकही खरी ठरली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये हिजाबच्या नियमावरून पकडलेली महसा अमिनी ही तरुणी पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली, देशभर आंदोलन पेटले आणि ते बळाने दडपण्यात आले. २०२३ चे नोबेल शांतता पारितोषिक जाहीर झाले तेव्हा त्याच्या मानकरी, मानवाधिकार कार्यकर्त्या नर्गिस मोहम्मदी तेहरानच्या एविन तुरुंगात होत्या. हे सारे लक्षात ठेवूनच तेथे जावे. परंतु त्या राज्यव्यवस्थेपासून पर्यटकाला जेवढा धोका आहे, त्याच्या कित्येक पट अधिक तो पर्यटकाशी मोकळेपणाने बोलणाऱ्या स्थानिक माणसाला आहे. अशा देशात सहल काढणारी कंपनी ग्राहकांना सांभाळते की नाही हे तर पाहावेच, पण ग्राहकांच्या कुतूहलाची झळ तिथल्या माणसांना लागू नये म्हणून ती काय करते, यावर माझ्या मते तिची खरी परीक्षा होते.

आधी व्यवहाराच्या बाबी. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराणच्या बँका जगापासून तुटलेल्या आहेत आणि आपले कोणतेही कार्ड तेथे चालत नाही, त्यामुळे संपूर्ण प्रवासाचा वरखर्च रोख डॉलर किंवा युरोमध्ये सोबत न्यावा लागतो, आणि नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या असलेल्या बऱ्या. आम्ही गेलो तेव्हा खुल्या बाजारात एका डॉलरला सुमारे पाच लाख रियाल मिळत होते. त्यात आणखी गोंधळ असा की नोटेवर रियाल छापलेले असते आणि दुकानदार किंमत तोमानमध्ये सांगतो, म्हणजे एक शून्य कमी करून. बोलण्याच्या ओघात कित्येकदा वरचे हजारही गाळले जातात. कंपनीने प्रत्येकाला खिशात मावेल असा एक पुठ्ठ्याचा तक्ता दिला होता, त्यात नोटांचे रंग, तोमान आणि रुपयांतील अंदाजे किंमत अशी जुळणी होती. तेहरानच्या फिरदौसी रस्त्यावरील सराफाकडे सर्वांना एकत्र नेऊन पैसे बदलून दिले गेले आणि त्यावर कंपनीने काही दलाली ठेवली नाही, हे मी शेजारच्या दुकानात भाव विचारून खात्री करून घेतले. पुणेकराला तेवढे चालायचेच.

विम्याच्या बाबतीत कंपनीचे काम उत्तम होते. आपल्याकडील अनेक प्रवासविम्यांच्या अटींमध्ये निर्बंध असलेले देश वगळलेले असतात, आणि ती ओळ कागदाच्या इतक्या खाली असते की बहुतेकांना ती रुग्णालयात दाखल झाल्यावरच कळावी. कंपनीने आम्हाला आमच्या नेहमीच्या विम्याची प्रत आणायला लावली, ती ओळ शोधून दाखवली आणि इराणमध्ये चालणारा स्थानिक विमा स्वतंत्रपणे काढून दिला. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत अशा मंडळींचा, आणि पुण्याच्या गटात अशी मंडळी निम्म्याहून अधिक असायचीच, एक हमखास प्रश्न होता : पासपोर्टवर इराणचा शिक्का बसला तर पुढे अमेरिकेचा व्हिसा मिळेल का? व्हिसा वेगळ्या कागदावर असतो आणि पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, एवढेच सांगून एखाद्या विक्रेत्याने वेळ मारून नेली असती. येथे मात्र असेही सांगण्यात आले की अमेरिकेच्या अर्जात मागील पाच वर्षांत भेट दिलेल्या देशांची माहिती विचारतात, तेथे इराण लिहावेच लागेल, आणि ज्यांना त्याची धास्ती वाटते त्यांनी आताच पैसे परत घ्यावेत. दोघांनी घेतलेही.

संपर्काच्या व्यवस्थेत मात्र कंपनी कमी पडली. २०२२ च्या आंदोलनानंतर इराण सरकारने व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम बंद केले होते आणि आम्ही गेलो तेव्हाही ते बंदच होते. ही माहिती खुद्द कंपनीच्या पत्रकात होती, तरीही घरच्यांना कळवायचा सारा मजकूर आणि कार्यक्रमातील बदल व्हॉट्सॲपच्या गटावरच टाकले जात होते. परिणामी पुण्यातील नातेवाइकांना सुरुवातीला काहीच समजले नाही आणि एका ज्येष्ठ सहप्रवाशाच्या मुलीने घाबरून थेट पेठेतील कार्यालय गाठले. पुढे स्थानिक सिमकार्डे आणि साधे एसएमएस यांवर काम भागले, पण हे पहिल्या दिवसापासून करता आले असते.

निघण्यापूर्वी पुण्यात झालेल्या बैठकीबद्दलही अशीच एक तक्रार आहे. इराणच्या कायद्यानुसार परदेशी स्त्रियांनाही सार्वजनिक ठिकाणी डोके झाकावे लागते आणि अंगभर, सैल कपडे घालावे लागतात. लांब कुडता, सलवार आणि ओढणी एवढ्यावर ते निभावते. सूचना अचूक होत्या, परंतु बैठकीत कंपनीची अनुभवी महिला सहकारी उपस्थित असूनही त्या एका पुरुषाने वाचून दाखवल्या, आणि सौभाग्यवतींना नेमके जे विचारायचे होते ते त्या सभेत विचारले गेले नाही. तेहरानच्या रस्त्यांवर अनेक तरुण मुली डोक्यावर काहीही न घेता वावरताना दिसल्या, तेव्हा आमच्या गटातील एक-दोघींनी आपलीही ओढणी खांद्यावर सोडली. टूर मॅनेजरने शांतपणे सांगितले की त्या मुली स्वतःच्या देशात स्वतःच्या हिमतीवर ती जोखीम घेत आहेत, आणि आपण तसे केले तर जाब आपल्या गाइडला विचारला जाईल. हे ऐकल्यावर ओढण्या परत डोक्यावर गेल्या.

त्याच कारणासाठी छायाचित्रांबाबत कडक नियम होता. सैन्य, पोलीस, सरकारी इमारती आणि विमानतळ यांची छायाचित्रे घेऊ नयेत, हे कोणतीही कंपनी सांगते. या कंपनीने त्यापुढे जाऊन सांगितले की उघड्या डोक्याच्या कोणत्याही स्त्रीचा ओळखू येईल असा चेहरा समाजमाध्यमांवर टाकायचा नाही, तिने हसून परवानगी दिली असली तरीही. एका सहप्रवाशाने तेहरानच्या एका कॅफेतील असे छायाचित्र टाकले, तेव्हा टूर मॅनेजरने जेवण थांबवून ते काढायला लावले. प्रसंग कटू झाला आणि त्या गृहस्थांनी पुढे दोन दिवस अबोला धरला, पण मी पूर्णपणे टूर मॅनेजरच्या बाजूचा आहे.

तेहरानवर फार लिहिण्यासारखे नाही. वाहतूक आणि धूर यांत आपल्या शहराला लाजवेल असे ते शहर आहे, आणि गुलिस्तान राजवाड्याच्या आरसेमहालापेक्षा मेट्रोतील स्त्रियांचा स्वतंत्र डबा आमच्या मंडळींना जास्त आवडला. येथे कंपनीच्या नियोजनाची एक खुबी मात्र सांगायला हवी. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधील अमेरिकी दूतावासावर विद्यार्थ्यांनी कब्जा केला आणि ५२ जणांना ४४४ दिवस ओलीस ठेवले. त्या घटनेचा दिवस दरवर्षी त्याच इमारतीसमोर मोठ्या मोर्चाने साजरा होतो. गाझातील युद्ध सुरू होऊन महिनाही झालेला नव्हता, तेव्हा त्या वर्षी वातावरण अधिक तापलेले असणार हे उघड होते. कंपनीने तेहरानचे मुक्काम आधी उरकून ४ नोव्हेंबरला गट काशानला ठेवला होता. तेथे फीन बागेत, जिच्या हमामखान्यात १८५२ मध्ये अमीर कबीर या सुधारक पंतप्रधानाची हत्या झाली, आम्ही पाटातून खळाळणारे पाणी पाहत निवांत बसलो होतो.

सहलीचा सर्वांत चांगला निर्णय इस्फहानमध्ये दिसला, आणि तो म्हणजे तेथे काहीही न ठरवणे. पहिल्या शाह अब्बासने १५९८ मध्ये राजधानी या शहरात आणली आणि पुढे नक्श-ए-जहान हे सुमारे ५६० मीटर लांब व १६० मीटर रुंद असे चौक-मैदान उभे राहिले. त्याच्या एका बाजूला शेख लुत्फुल्लाह मशीद आहे, जिला मिनार नाहीत आणि अंगणही नाही. अंधाऱ्या वळणाच्या वाटेने आत गेल्यावर एकदम त्या घुमटाखाली उभे राहावे लागते, आणि मग मान खाली घालवत नाही. या वास्तू सकाळी गाइडसह दाखवून दुपारपासून रात्रीपर्यंतचा वेळ पूर्ण मोकळा सोडला होता. संध्याकाळी तेथील कुटुंबे सतरंज्या, चहाचे थर्मास आणि डबे घेऊन हिरवळीवर येतात. आपण नुसते बाकावर बसलो की पाचव्या मिनिटाला कोणीतरी कोठून आलात असे विचारते, आणि हिंदुस्थान म्हटल्यावर अमिताभ बच्चन यांची चौकशी होते. एका कुटुंबाने आग्रहाने जवळ बसवून डाळिंबे सोलून दिली. आम्ही राजकारणाचा एकही प्रश्न विचारला नाही. महागाई, मुलांची परदेशी जाण्याची धडपड आणि औषधे मिळवताना होणारे हाल हे सारे त्यांनीच बोलून दाखवले. माहितीपत्रकात एक ओळ होती की कुतूहल असावे, पण प्रश्न त्यांना ठरवू द्यावा. तिचा अर्थ त्या संध्याकाळी समजला.

याच नियमाने गाइडशीही वागायचे होते. आमच्या गाइड इस्फहानच्याच एक बाई होत्या, इंग्रजी उत्तम, इतिहासावर हुकमत आणि विनोदबुद्धी कोरडी. बसमध्ये ध्वनिक्षेपकावर त्या फक्त इतिहास, वास्तुकला आणि खाणेपिणे यांबद्दल बोलत. सत्ता, हिजाब, निवडणुका असे प्रश्न सर्वांसमोर त्यांना विचारायचे नाहीत, हे पुण्यातच बजावले होते. गटातील काहींना हे अती वाटले आणि आपल्याला खरा इराण दाखवलाच जात नाही अशी कुरकुर झाली. ती मला पटली नाही. आपण घरी परतून चार दिवस गप्पा मारणार, आणि त्या बाईंना त्याच परवान्यावर पुढची वीस वर्षे पोट भरायचे आहे. इस्फहानच्या पुलांविषयी मात्र त्यांनी न विचारता स्पष्ट सांगितले : तेहतीस कमानींचा सि-ओ-से पूल आणि ख्वाजू पूल पाहताना नदी कोरडी असण्याची तयारी ठेवा, कारण दुष्काळ, धरणे आणि दुसरीकडे वळवलेले पाणी यांमुळे झायंदेहरूद वर्षातला बराच काळ वाहतच नाही.

यझ्दला पुण्याच्या माणसाने थोडे अधिक थांबावे असे वाटते. आपण ज्यांच्या हॉटेलांत बनमस्का आणि चहा घेत मोठे झालो त्या इराणी मंडळींपैकी अनेकांचे पूर्वज याच शहराच्या परिसरातून आले. तेथील आतशबेहराम या झरतुष्ट्री अग्निमंदिरातील अग्नी इसवी सन ४७० पासून तेवत असल्याची परंपरा सांगतात. आजची इमारत १९३४ ची असून ती उभारण्यात भारतातील पारशी समाजाचा हात आहे. आपल्याकडील अग्यारीत परधर्मीयांना प्रवेश नसतो, येथे मात्र काचेपलीकडून तो अग्नी कोणालाही पाहता येतो. गटातील एक पारशी बाई त्या काचेसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि कार्यक्रमपत्रिकेत तेथे दिलेला वेळ त्यांना अर्थातच पुरला नाही. ही तक्रार मी त्यांच्या वतीने नोंदवतो. त्याऐवजी दौलताबाद बागेतील बादगीर आम्हाला फार वेळ दाखवला गेला. सुमारे ३३ मीटर उंचीचा तो वारा पकडणारा मनोरा आहे खरा विलक्षण. वरच्या झरोक्यांतून शिरलेला वारा खाली उतरतो, पाण्यावरून जातो आणि खोली गार करतो, पण नोव्हेंबरात त्या गारव्याची कोणालाच निकड नव्हती.

यझ्द ते शिराझ हा साडेचारशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास एका दिवसात, वाटेत अबरकूहचा हजारो वर्षांचा सरू वृक्ष आणि पासारगाद येथील सम्राट कुरूषाची, म्हणजे सायरसची, समाधी पाहत करणे ज्येष्ठांना जड गेले. कंपनीने हा टप्पा दोन दिवसांत विभागायला हवा. पर्सेपोलिससाठी मात्र भरपूर वेळ दिला होता आणि तो सार्थकी लागला. इराणचा प्राचीन सम्राट पहिल्या दरायसने इसवी सनपूर्व ५१८ च्या सुमारास बांधायला घेतलेले आणि इसवी सनपूर्व ३३० मध्ये अलेक्झांडरच्या स्वारीत जळलेले हे नगर. आपादाना सभागृहाच्या जिन्यावर साम्राज्यातील २३ प्रदेशांचे लोक नजराणे घेऊन येताना कोरलेले आहेत, त्यांत भारतीयांचीही रांग आहे : कमरेला धोतरासारखे वस्त्र, खांद्यावर कावड, तिच्या दोन्ही पारड्यांत भांडी, आणि मागे एक गाढव. गाइडबाईंनी आमच्याकडे वळून सांगितले की त्या भांड्यांत बहुधा सोन्याची भुकटी असावी, आणि आजच्या पाहुण्यांनी काय आणले आहे असे विचारले. कोणीतरी पिशवीतून भाकरवडीचा पुडा काढून त्यांच्या हातात ठेवला.

खाण्याबद्दल शाकाहारी वाचकांसाठी दोन शब्द. कंपनी सोबत आचारी नेत नाही, हे मला योग्यच वाटते. दगडगोट्यांवर भाजलेली संगक रोटी, हिरव्या पाल्यांची जुडी, चीज, अक्रोड आणि ताकासारखे दूग एवढ्यावर न्याहारी आणि दुपारचे जेवण सुरेख होते. कश्क-ए-बादेमजान हे वांग्याचे भरीत पहिल्यांदा खाताना आपण जळगावकरांना कळवावे असे वाटते, सलग चौथ्या रात्री मात्र तसे वाटत नाही. शाकाहारी म्हटल्यावर वांगे मागवून मोकळे होणे हा कंपनीचा आळस आहे, कारण त्याच उपाहारगृहांत डाळी आणि शेवयांचे आश हे दाट सूप, झरेश्क ही आंबट लाल फळे घातलेला केशरी भात, ऑम्लेटसारखे बटाट्याचे कुकू (त्यात अंडे असते) असे पदार्थ मिळत होते. आशमध्ये कित्येकदा मांसाचे पाणी असते, तेव्हा विचारून घ्यावे लागते. ते विचारण्याचे काम कंपनीचे. शिराझचा फालुदा, लिंबू पिळून, मधुमेह्यांनीही वाटून घेतला.

निवासाची निवड विचारपूर्वक होती. इराणमधील कित्येक मोठी हॉटेले सरकारच्या जवळच्या प्रतिष्ठानांच्या मालकीची आहेत. कंपनीने काशान आणि यझ्दला जुन्या वाड्यांत चालवलेली घरगुती हॉटेले घेतली, आणि आपले पैसे कोणाच्या हातात जातात याचे एका बाईंनी उत्तर मागितले तेव्हा प्रत्येक मुक्कामाच्या मालकांची माहिती पुढे ठेवली. तेहरानमध्ये असा पर्याय आपल्याला जमला नाही, हेही न लपवता सांगितले. वाड्यांच्या पायऱ्या उंच आणि न्हाणीघरे चिंचोळी आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी खालची खोली आधीच मागून घ्यावी.

विमानभाड्यासह खर्च माणशी दीड लाखाच्या थोडा वर गेला. या मार्गासाठी तो अवाजवी नाही, आणि भारतीयांना तेथे गाइडची सक्ती नसल्याने तरुणांना स्वतंत्रपणे जाऊन तो बराच कमी करता आला असता. चालक व गाइड यांच्या बक्षिसीची रक्कम मात्र शेवटच्या दोन दिवसांत सांगण्यात आली, तोवर अनेकांनी जवळचे डॉलर पिस्ते आणि केशर यांत घातले होते. ती आधीच लेखी द्यावी.

वरील सर्व वर्णन २०२३ अखेरचे आहे, आणि त्यानंतर तेथील परिस्थिती फार बदलली. फेब्रुवारी २०२४ मध्ये इराणने भारतीय पर्यटकांना विमानाने आल्यास पंधरा दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला होता, ती सवलत नोव्हेंबर २०२५ मध्ये स्थगित झाली. नोकरीच्या आमिषाने नेऊन भारतीयांचे अपहरण करण्याचे प्रकार घडल्यानंतर हे पाऊल उचलले गेले. त्याआधी जून २०२५ मध्ये इस्रायलशी बारा दिवसांचे युद्ध झाले आणि भारत सरकारला आपले विद्यार्थी व यात्रेकरू बाहेर काढावे लागले. आमच्या ओळखीच्या एका दांपत्याने त्या वर्षीच्या शरद ऋतूतील सहलीसाठी पैसे भरले होते. युद्ध सुरू झाल्याच्या आठवड्यातच कंपनीने सहल रद्द केल्याचे कळवले, विमान कंपनीने कापलेली रक्कम पावतीसह दाखवली आणि उरलेले पैसे महिन्याभरात खात्यात जमा केले. सध्या ही सहल बंद आहे. निदान प्रतीक्षायादीत नाव लिहून ठेवा असे त्या दांपत्याने सुचवले होते. निघण्याची तारीख सांगता येत नसेल तर आम्ही नाव लिहून घेत नाही, असे त्यांना उत्तर मिळाले.